वेठ सुटली, त्यानंतरची हकिकत



अंगारकी आली की डोंबिवली-कल्याणच्या बायका पहाटेची लोकल गाठून टिटवाळ्याला महागणपतीच्या दर्शनाला जातात. त्याच टिटवाळ्यात ७ जानेवारी १९४५ रोजी शेतकऱ्यांची एक परिषद भरली होती व तेथे महाराष्ट्रातील किसान सभेची स्थापना झाली, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असेल. त्या परिषदेला थेट उंबरगाव तालुक्यातून, म्हणजे पार गुजरातच्या हद्दीवरून, काही वारली माणसे आली होती. ती परत गेली आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांत आपल्या जिल्ह्यात जे घडले, ते आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आले नाही. तो इतिहास गोरगरिबांच्या चुलीचा आहे, म्हणून तो आपण बायकांनी वाचण्यासारखा आहे असे मला वाटते.

आपला जिल्हा म्हणताना मी पूर्वीचा अखंड ठाणे जिल्हा धरते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला व डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा, वसई हे तालुके तिकडे गेले. आपल्याकडे शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण हे राहिले. कागदावर रेघ पडली तरी डोंगर एकच आणि त्यात राहणारी वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी ही माणसेही तीच. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली. पुढे डहाणूकडूनही रूळ गेले. गाडीबरोबर जंगलातले लाकूड आणि गवत मुंबईला जाऊ लागले, मुंबईच्या तबेल्यांतील म्हशी या गवतावर पोसल्या गेल्या. लाकूड-गवताला भाव आला तसे जमिनीलाही मोल आले, आणि जमीन कसणाऱ्याच्या हातून निघून सावकार-जमीनदाराच्या वहीत गेली. पन्नास-साठ वर्षांत बापजाद्यांच्या शेतावर वारली कूळ होऊन बसला.

कुळाने खंड द्यावा हे एक वेळ समजते. परंतु येथे खंडाच्या जोडीला वेठ होती. वेठ म्हणजे मोबदल्यावाचूनचे काम. मालकाचे शेत आधी नांगरायचे, त्याची लावणी आधी करायची, त्याचे लाकूड फोडायचे, घर शाकारायचे, आणि एवढे झाल्यावर उरलेल्या दिवसांत आपले. पाऊस काही मालकासाठी वेगळा आणि कुळासाठी वेगळा पडत नाही, तेव्हा कुळाचे शेत नेहमी उशिराच लागे आणि पीक हलके येई.

याहून वाईट प्रकार लग्नगड्याचा. वारल्यांत मुलाकडून मुलीच्या बापाला देज द्यावे लागे, शिवाय गावजेवण असे. हा पैसा सावकार देई, आणि त्याच्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. असे राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. मजुरी नाही, फक्त पोटाला चार दाणे, त्यामुळे मुद्दल फिटण्याचा प्रश्नच नसे. बाप म्हातारा झाला की कर्जासकट मुलगा त्याच्या जागी उभा राही. आपल्याकडे सून घरात येते तेव्हा माप ओलांडून येते. तिकडे ती कर्जाचा आकडा ओलांडून येत होती, असेच म्हणावे लागेल. मालकांच्या वाड्यांवर या बायकांच्या अब्रूची जी विटंबना होई, ती येथे लिहवत नाही.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. १९३७ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सिमिंग्टन नावाच्या आय. सी. एस. अधिकाऱ्याला डोंगरी भागातील लोकांच्या स्थितीची चौकशी करायला नेमले होते. हा गोरा साहेब होता, चळवळ्या नव्हे. तरीही वेठ, मारहाण, खोट्या वह्या हे सगळे त्याने आपल्या अहवालात स्पष्ट लिहून ठेवले. अहवाल छापला गेला. वेठ चालूच राहिली.

गोदावरी परुळेकर या पूर्वाश्रमीच्या गोखले. १९०७ सालचा त्यांचा जन्म. घर सुखवस्तू वकिलाचे. महाराष्ट्रातील कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला असे म्हणतात, आणि भारत सेवक समाजाने आजीव सदस्य म्हणून घेतलेल्या पहिल्या महिलाही त्याच. पुढे शामराव परुळेकरांशी विवाह झाला व दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे काम करू लागली. मी कोणत्याच पक्षाची नाही आणि त्यांची सगळी मते मला पटतात असेही नाही. परंतु एका शिकलेल्या ब्राह्मण घरातील बाईने नऊवारी खोचून वारल्यांच्या झोपडीत जाऊन राहावे, त्यांची नागलीची भाकर आणि आंबील खावी, त्यांच्या भाषेत बोलावे, हे ऐंशी वर्षांपूर्वी सोपे नव्हते. वारली त्यांना गोदाराणी म्हणत. त्यांनी हे सारे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले आहे. ते १९७० साली आले आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. वाचनालयातून जरूर आणून वाचावे.

टिटवाळ्याहून परतलेल्या वारल्यांच्या आग्रहावरून २३ मे १९४५ रोजी झरी या गावी परिषद भरली. झरी हल्ली तलासरी तालुक्यात आहे. सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव थोडे आणि साधे होते: यापुढे वेठ करायची नाही, मालकाच्या खाजगी शेतावर रोजी बारा आणे घेतल्याशिवाय काम करायचे नाही, कोणी मारले तर एकजुटीने सामना करायचा. परिषदेहून परतलेले लोक गावोगाव गेले, वाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना म्हणाले, चला, तुमचे कर्ज फिटले. इतक्या वर्षांची गाठ अशी काही आठवड्यांत सुटली. वहीत काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्या माणसांनी ती वहीच मानायचे नाकारले.

दसऱ्यानंतर गवतकापणी असते. त्या वेळी पाचशे रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत अशी मागणी झाली व संप झाला. मालकांनी खोटी आवई उठविली, की गोदाराणीच्या जिवाला धोका आहे, काठ्या-कोयते घेऊन तलवड्याला या. हजारोंनी लोक धावले. तिकडे पोलिसांना कळविण्यात आले की वारली दंगा करणार. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवड्याला गोळीबार झाला आणि पाच जण ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड हे नाव प्रथम घेतले जाते. परुळेकर पति-पत्नींना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. तरीसुद्धा संप मोडला नाही आणि मजुरीचे दर वाढवून घेतल्यावाचून लोक कापणीला गेले नाहीत.

इथपर्यंतची हकिकत शौर्याची आहे आणि ती सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु संसार करणाऱ्या बाईच्या मनात पुढचा प्रश्न येतो. लग्नगडी वाड्यावरून सुटून आपल्या झोपडीत आला. आता श्रावणात त्याने खायचे काय?

हा प्रश्न क्षुल्लक नाही, म्हणून थोडा विस्तार करते. डोंगरातल्या गरीब घराचे वर्ष असे असते. दिवाळीच्या सुमारास भात घरात येते, मागून नागली, वरई. खंड आणि देणे वजा जाता कणगीत जे राहते ते साधारण होळीपर्यंत पुरते. चैत्र-वैशाखात मोहाची फुले, लाकडे, डिंक, मिळेल ती मजुरी. आषाढात लावणीचे काम असते, त्याची मजुरी मिळते. पण श्रावण-भाद्रपदात लावणी संपलेली, पीक हिरवे, जंगलात चिखल, आणि कणगी रिकामी. तेव्हा बायका कडूकंद खणून आणतात, उकडून वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा घालवितात आणि पोरांना देतात. नेमक्या याच महिन्यांत सावकाराचे कोठार उघडे असे. तो मणभर धान्य देई आणि दिवाळीत दीड मण, कोठे दुप्पटही, परत घेई. याला खावटी म्हणत. या महिन्यांत सावकाराला चाबूक लागत नसे. बाई स्वतःच टोपली घेऊन त्याच्या ओट्यावर जाई. दुसरी वेळ दुखण्याची आणि तिसरी लग्नाची. या तीन वेळी कोठार ज्याचे, माणूस त्याचा.

म्हणून गरिबाला वर काढण्याची जी जी योजना आपल्या जिल्ह्यात झाली, ती या तीन वेळांना उपयोगी पडली की नाही, या एकाच मापाने मी पाहते.

पहिले माप जमिनीचे. १९४८ साली कूळकायदा झाला आणि पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो तिचा मालक मानला गेला, किंमत हप्त्याने द्यायची. ज्यांचे नाव सातबाराला लागलेले होते त्यांना याचा खरोखर लाभ झाला. खंड गेला म्हणजे कणगी होळीऐवजी वैशाखापर्यंत पुरू लागली. परंतु पुष्कळांचे नावच कागदाला नव्हते, तोंडी कूळ. शिवाय डोंगरातली जमीन बहुतेक वरकस, भाताची थोडी. मिळालेली जमीनही पुढे गोडीगुलाबीने किंवा अंगठ्याने परक्याकडे गेली, इतकी की १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा वेगळा कायदा करावा लागला. जंगलातील जमीन कसणाऱ्यांचा हक्क तर २००६ सालच्या कायद्याने मान्य झाला आणि त्याचे दाखले मिळावेत म्हणून मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत लोक चालत गेले. कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे करीत ते गेले. बायकांच्या पायांना फोड आले होते, आणि दहावीच्या परीक्षेच्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतच चालून संपविला. हा मोर्चा ज्या किसान सभेने काढला तिची महाराष्ट्रातील स्थापना टिटवाळ्याची, हे वर आलेच आहे.

दुसरा प्रयत्न बाळासाहेब खेरांच्या आदिवासी सेवा मंडळाचा. हे मंडळ १९४० साली निघाले. जंगलातील कूप पूर्वी ठेकेदार घेत आणि मजुरी त्यांच्या मर्जीने देत. १९४७ च्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या काढून कूप त्यांना देण्यास सुरुवात झाली, म्हणजे तोड करणाराच मालक. कल्पना उत्तम होती व काही वर्षे हातात पैसाही आला. पण तोडीचे काम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसापूर्वी संपणारे. श्रावणाची अडचण तिथेच राहिली.

तिसरे काम मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते दोन बायकांनी केले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या. रडत बसण्याऐवजी त्या शिकल्या आणि साऱ्या जन्माचे काम त्यांनी ताराबाईंच्या हाताखाली शोधले. कोसबाडच्या पाड्यांवरची मुले शाळेत येईनात. का, तर मुलगा गुरे राखतो आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसते. शहाणी माणसे अशा वेळी आईबापांना नावे ठेवतात. या दोघींनी शाळाच उचलून त्यांच्याकडे नेली. झोपड्यांच्या अंगणात बालवाडी भरविली ती अंगणवाडी, आणि गुरे चरतात त्या कुरणात मुलांना शिकविले ती कुरणशाळा. धाकटे भावंड अंगणवाडीत बसले की थोरली मोकळी होते, ही गोष्ट ज्या बाईने घर सांभाळले आहे तिलाच आधी सुचणार. २ ऑक्टोबर १९७५ पासून देशभर सुरू झालेल्या बालविकास योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्या गल्लीतली अंगणवाडीही तेच नाव लावते.

शिकलेल्या मुलाला सावकाराची वही वाचता येते, हा लाभ मोठा. पण तो पंधरा वर्षांनी येणारा. मधल्या श्रावणांचे काय, हा प्रश्न १९७२ च्या दुष्काळाने साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडला. सासूबाई सांगतात, रेशनवर तांबडी मिलो मिळे, तिची भाकरी थापताना तुटे, आणि गावाकडे खडी फोडणाऱ्यांना सुकडी वाटीत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. या वेळी उपयोगी पडली ती विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना. सांगली जिल्ह्यातील विसापूरचे हे गृहस्थ. त्यांचे म्हणणे असे, की काम मागणाऱ्याला सरकारने दया म्हणून नव्हे तर हक्क म्हणून काम द्यावे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पंधरा दिवसांत घराजवळ काम, नाहीतर भत्ता. पुरुषाला आणि बाईला कामाचा दर एकच. २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तो पुष्कळसा याच्याच वळणावर.

या योजनेत आपला, म्हणजे डोंबिवलीकरांचा, काय संबंध असे कोणी विचारील. घरातील पगारदार माणसाचे पगारपत्रक काढून पाहावे. त्यात व्यवसाय कर म्हणून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाला अडीच हजार कापलेले असतात. हा कर १९७५ साली बसविला तो मुख्यतः रोजगार हमीच्या पैशाची सोय व्हावी म्हणून. लोकलला लटकून कचेरीत जाणाऱ्या कारकुनाच्या पगारातून मोखाड्याच्या बाईच्या रोजंदारीला पैसा जावा, हा हिशेब ज्यांनी मांडला ते लोक थोर म्हटले पाहिजेत. निदान आपल्या यजमानांनी त्या कपातीबद्दल कुरकूर केली तर त्यांना एवढे सांगता येईल.

तथापि येथेही माझे माप लावते. रोजगार हमीची कामे रस्ते, बंधारे, माती-दगडाची. पाऊस धो धो पडू लागला की ती थांबत. मजुरी आठवड्याने मिळायची ती कित्येकदा महिन्याने, दोन महिन्यांनी मिळे. भुकेल्या घराला दोन महिन्यांनी मिळणारा पैसा म्हणजे मधल्या काळाचे कर्जच. १९७८ पासून सरकारने आदिवासींसाठी खावटी कर्ज सुरू केले. नाव तेच सावकाराचे, फक्त देणारा हात बदलला. कल्पना अगदी मापाची, कारण ते पावसाळ्यासाठीच होते. पुढे ते बंद पडले. कोरोनाच्या वेळी, २०२० साली, त्याच नावाने कुटुंबाला चार हजार रुपयांचे अनुदान ठरले, निम्मे रोख व निम्मे वाणसामानाच्या रूपाने.

हे सगळे असूनही १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. मुंबईपासून अंतर शंभर-सव्वाशे मैलांच्या आत. वर्तमानपत्रांत आरडाओरडा झाला, मंत्री आले. मोटारींसाठी रस्ते झाले, ते मात्र लोकांच्या उपयोगी पडले. धान्याचा प्रश्न त्यानंतर हळूहळू सुटत गेला. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिना पस्तीस किलो धान्य मिळू लागले, २०१३ साली अन्न सुरक्षेचा कायदा झाला, आणि २०२३ पासून हे धान्य फुकट मिळते. फुकट धान्याने लोक आळशी होतात असे आपल्या हळदीकुंकवातही मी ऐकले आहे. ज्यांनी ही कणगीची हकिकत वाचली त्या तरी तसे म्हणणार नाहीत. श्रावणातले सावकाराचे कोठार ज्या एका गोष्टीने खरोखर ओस पडले, ती रेशनची गोणी होय.

राहिली दुखणे आणि लग्न ही दोन. त्यांच्यासाठी पैसा लागतो, तो एकदम लागतो, आणि तो देणारा आता वीटभट्टीचा मालक आहे.

भिवंडी, कल्याण, वसई या भागांत दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागतात. मोखाडा, जव्हार, शहापूर, मुरबाडकडची कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड बांधून तेथे येतात, त्यांत कातकरी पुष्कळ. मुकादम भाद्रपदातच पाड्यावर जाऊन उचल देऊन ठेवतो. ज्याच्या घरात ताप आहे किंवा मांडव पडायचा आहे, तो ती घेतो. भट्टीवर नवरा-बायको मिळून एक जोडी धरतात, हजार विटांमागे दर, आणि आठवड्याला तेल-मिठापुरती खर्ची. काम पहाटेच्या आधीच सुरू होते. पावसाच्या तोंडाशी हिशेब होतो. विटा कमी पडल्या तर अंगावर बाकी राहते, आणि ती फेडण्यासाठी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्याच भट्टीवर. लग्नगड्याची हकिकत वाचलेल्या बाईला हा हिशेब ओळखू येईल. डोंबिवलीतल्या चाळी पाडून ज्या इमारती उठल्या, त्यांच्या जुन्या भिंतींत याच विटा आहेत.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी उचल देऊन माणूस अडकविणे हा गुन्हा ठरला. परंतु कायदा आहे हे पाड्यावर सांगणार कोण? वसई तालुक्यात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी हे काम अंगावर घेतले. १९८२ साली श्रमजीवी संघटना स्थापन झाली व तिने शेकडो वेठबिगार सोडविले. १९९९ साली विवेक पंडितांना गुलामगिरीविरुद्ध काम करणाऱ्या लंडनच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. म्हणजे सिमिंग्टनने ज्याची चौकशी केली, ते दुखणे साठ वर्षांनंतरही होते, याची ती पावतीच. त्यांच्या विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. भट्टीवर विटा रचून व पेंढा टाकून जी खोपटी करतात त्यांना भोंगा म्हणतात. अनुताईंची कुरणशाळा जशी गुरांमागे गेली तशी ही विटांमागे गेली.

सुटलेल्या माणसाला सरकार रक्कम देते. १९७८ साली ती चार हजार रुपये होती, २०१६ पासून पुरुषाला एक लाख व बायका-मुलांना दोन लाख अशी ठरली. रक्कम हवीच. पण चाळीस वर्षे संसार पाहिलेली कोणतीही बाई सांगेल, की एकरकमी पैसा एकरकमीच जातो. माणूस परत उचलीकडे जाऊ नये यासाठी दुखण्याच्या रात्री हाताशी हजार-दोन हजार हवेत, आणि ते आपल्याच घरापासून चार घरांवर हवेत. बचतगटांनी ही सोय केली. आपण भिशी लावतो, तीत नंबर लागेल तेव्हा पैसे मिळतात. गटात गरज लागेल तेव्हा मिळतात, व्याज गटातच राहते, आणि बँकही गटाला कर्ज देते. १९७५ साली निघालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने राज्यभर असे गट उभे केले आहेत. पाड्यावरची बाई सही करायला शिकते ती बहुधा या गटाच्या वहीवर.

आणि उरते ते काम, दिवाळीनंतर घर सोडावे लागू नये असे. या बाबतीत मला फळबागेची योजना फार शहाणपणाची वाटली. १९९० साली राज्याने रोजगार हमीतून लहान शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीवर फळझाडे लावून देण्यास सुरुवात केली. खड्डे खणण्याची मजुरी मिळाली आणि वर झाडही आपले राहिले. खडी फोडली तर रस्ता सरकारचा होतो, झाड लावले तर आंबा घरचा होतो. गांधीजींनी उरुळी कांचनला ठेवलेले मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बायफ ही संस्था काढली. तिने गुजरातेत वांसद्याकडे १९८२ पासून असाच वाडीचा प्रयोग चालविला होता: सुमारे एकरभर वरकस जमीन, त्यात आंबा आणि काजू, कडेने जळणाची व चाऱ्याची झाडे, मधल्या जागेत घरचे धान्य-भाजी. पुढे तो जव्हारकडेही आला. पहिली चार-पाच वर्षे झाडे जगविणे हेच खरे कष्ट, आणि ते उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून बायकांनीच केले. ज्याला मुळी जमीनच नाही त्या कातकऱ्याला मात्र यातले काही मिळत नाही, भट्टीवर आज दिसतो तो मुख्यतः तोच.

जव्हार-विक्रमगडकडे हल्ली अशा जमिनीत मोगराही लावतात. थोडी जागा, विहिरीचे किंवा बंधाऱ्याचे थोडे पाणी, एवढ्यावर तो होतो. बायका उजाडण्यापूर्वी कळ्या खुडतात, कारण उमलली की किंमत गेली. कळ्या टोपलीत ओल्या फडक्यात भरून गाडीने दादरच्या फुलबाजारात येतात, आणि तेथून गजरे होऊन आपल्या डोंबिवली स्टेशनाच्या पुलाखाली. मोगऱ्याचा भर उन्हाळ्यात असतो, म्हणजे ज्या महिन्यांत भट्टी चालते त्याच महिन्यांत. ज्या घरी मोगरा आहे ते घर तेव्हा पाड्यावरच असते आणि मुलांची वार्षिक परीक्षा बुडत नाही. पाऊस लागला की कळी कमी होते व बायका भाताच्या लावणीला लागतात.